सहा नंबरचा धवला

वरसे, रोहा
१० जानेवारी १९९९

मृणे,

लग्न ठरलं! आधी हे वाच, मग बाकीचं. रविवारी, ९ मे. नवरा मारुती, आमच्याच कंपनीतला. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाच्या याद्या टाइप करते, तो कॉम्प्युटर बिघडला की हा दुरुस्त करायला येतो. गेल्या वर्षी माझा कॉम्प्युटर फारच बिघडायला लागला. हस आता, हसून घे.

लग्न मारुतीच्या वाडीवर करायचं, इथून पायी अर्धा तास. आमच्या वाडीवर आता करायला कोण आहे? आई जाऊन दीड वर्ष झालं.

आता कामाचं. माझी आई आणि तुझी आई, सगुणामावशी, दोघींनी मला शब्द दिला होता, की पारीच्या हळदीला आम्ही जोडीनं धवला म्हणणार. एक तर गेली. आणि मावशी एकटी म्हणायची नाही, ते मला ठाऊक आहे, धवला जोडीचाच. पण तुमच्या साहिलच्या लग्नात तुझ्या निकेशरावांनी दोन टेपरेकॉर्डर लावून अख्खा धवला भरून घेतला होता, आठवतंय? एका कॅसेटची बाजू संपायच्या आधी दुसरा टेप सुरू करायचे. आई मांडवाच्या झावळ्यांच्या कुडाबाहेर बसली होती, नेहमीसारखी. वाडीवरची कातकरीण तुमच्या आगऱ्यांच्या मांडवात कशी येणार? मी घरून तांब्या भरभरून नेत होते तिला, कारण मांडवातलं पाणी काही झावळ्यांच्या बाहेर येईना. घसा कोरडा, पण आवाज बघ कसा लागला होता!

तो आवाज मला माझ्या हळदीला हवा. आईचा दुसरा काही ठेवा माझ्याकडे नाही गो. मतदानाच्या कार्डावर फोटो आहे, त्यात ती कोणीही बाई वाटते. तुझ्या नवऱ्याचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, ते हे सगळं त्यावर घेऊ शकतात. मला सीडी करून दे. आहेर म्हणून दुसरं काही आणलंस तर परत पाठवीन.

तुझी पारी


पेण
१ फेब्रुवारी १९९९

पारे,

किती आनंद झाला म्हणून सांगू! आईला वाचून दाखवलं, तर डोळ्याला पदर लावून बसली. तिचे गुडघे आता फार धरतात. वडखळच्या बाजारालासुद्धा जात नाही, पेणला माझ्याकडेच असते.

पत्राला उशीर झाला. इथे हमरापूरच्या मुलांची नवी बॅच सुरू झाली आहे. निकेशला दम नाही, मला तर त्याहून नाही. पण तुझी सीडी तयार आहे, सोबत रजिस्टरने पाठवते आहे. कॉम्प्युटरमध्ये घालून ऐक, साध्या डेकवर लागणार नाही.

एक सांगून ठेवते, चिडू नकोस. एवढी लांबलचक फाइल उघडली की निकेशचा कॉम्प्युटर बसतो, म्हणून त्याने धवल्याची चौदा गाणी केली आहेत. एक गाणं संपलं की दोन सेकंद शांत, मग पुढचं सुरू होतं. निकेश म्हणतो, सगळे प्लेअर असेच थांबतात, यंत्रापुढे इलाज नाही.

जुन्या कॅसेटी आता वाजवण्यासारख्या राहिल्या नाहीत, रीळ गुंतेल. त्या इथेच ठेवते.

साडी कोणत्या रंगाची घेतलीस?

मृणाली


वरसे
७ फेब्रुवारी १९९९

मृणाली,

साडीचं मरू दे. सीडी लावली. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता. चौदा गाणी आणि तेरा भोकं!

मारुतीला कळेना मी एवढी का चिडले. त्यांच्याकडे लग्नात सनई-ढोल, धवला नाही. मग त्याला पहिल्यापासून सांगितलं. की हळद लागायला लागली की धवला सुरू होतो, आणि नवरीची आंघोळ होईपर्यंत तुटू द्यायचा नाही. तुटला तर लागलेली हळद धुवायची आणि पहिल्यापासून लावायची. म्हणून तर दोघी लागतात. एकीचा शब्द संपायच्या आत दुसरी तोच शब्द उचलते, पहिली तेवढ्यात दम घेते. त्या सांध्यावर तेवढे दोन आवाज, एरवी एकच. मिठागरात आयुष्य काढलं दोघींनी, एक या बांधावर, एक त्या बांधावर, तिथेच म्हणून म्हणून आवाज असे एक झाले होते, की आपण पोटच्या पोरी असून आपल्याला ओळखायला यायचं नाही. आठवतंय, आपण कुडामागे बसून पैज लावायचो, आता तुझी की आता माझी? सांधा आला की कळायचं, आणि तू नेहमी हरायचीस.

आता सांधाच नाही. आवाज हळू होतो, भोक पडतं, आणि पुढची सुरू. कोण आई नि कोण मावशी? मारुती म्हणाला, सुरुवात कोण करायचं? मी म्हटलं, मांडवातली, म्हणजे मावशी. मग तो म्हणाला, एक, तीन, पाच मावशीची, आणि दोन, चार, सहा आईची. सोपा हिशेब. खरं आहे का गो? निकेशरावांनी सांध्यावरच तोडलंय ना? तेवढं नक्की कळव. मला आई कुठे आहे ते कळलं, की मग भोकांचं काय ते बघू.

पारी


पेण
११ फेब्रुवारी १९९९

पारे,

हो, बरोबर आहे. निकेशने प्रत्येक सांध्यावरच तोडलं आहे. सम आकड्यांची सगळी धोंडूमावशीची. सहावं ऐक, ते तिचं सगळ्यात छान लागलं आहे.

दोघींचा मिळून आवाज कुठे ऐकू येत नाही, कारण ते तेवढे तुकडे त्या दोन सेकंदांत गेले. यंत्राने गिळले म्हण. वाईट वाटून घेऊ नकोस. लग्नात इतका गोंधळ असतो, दोन सेकंदांकडे कोणाचं लक्ष जातंय?

तुझा राग मला शाळेपासून माहीत आहे. पण मी मनापासून केलं आहे गं.

मृणाली


वरसे
७ मार्च १९९९

मृणाली,

नीट बस आणि वाच.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज सहा नंबर लावायचे. डबा खाताना, तीन आठवडे. ऑफिसातल्या बायकांना बोलावून ऐकवलं, ही माझी आई. एकीने डोळे पुसले. मी तर काय, रोजच. रडून मोकळं वाटायचं, खरं सांगते. वाटायचं, आई बोलते आहे माझ्याशी.

मारुतीला माझी ती भोकं सहन होईनात. त्याचा मुंबईला मित्र आहे, त्याच्याकडून त्याने फ्लॉपीवर एक नवा प्लेअर आणला. हा प्लेअर मध्ये थांबत नाही. का थांबत नाही सांगू? पहिलं गाणं चालू असतानाच तो पुढचं उघडून तयार ठेवतो, म्हणजे पहिलं संपलं की लगेच दुसरं. मी ऐकतच राहिले. अरे, म्हटलं, हेच तर आई आणि मावशी करायच्या! मारुतीला तिथल्या तिथे म्हटलं, आता आपलं लग्न लागलं. काय आनंद झाला होता मला, मृणे.

काल शनिवार, ऑफिस रिकामं. त्याने हेडफोन आणले, कानाला लावले, आणि एक नंबरपासून सुरू केलं. भोकं गेली. एक संपलं, दोन लागलं. मी सांध्याची वाट बघते आहे. दुसरा आवाज येत नाही. पुन्हा लावलं. एक संपतं, आणि दोनच्या सुरुवातीला दम घेतल्याचा आवाज येतो. बाई थांबते, श्वास घेते आणि पुढे म्हणते. दोनच्या शेवटी तेच. तेराच्या तेरा जागी तेच. जोडीच्या धवल्यात श्वास ऐकू येतो कधी? एकीच्या श्वासावर दुसरीचा आवाज असतो.

मी मारुतीला विचारलं, यंत्राने गिळलेलं परत का येत नाही? तो म्हणाला, यंत्र काही गिळत नाही. यंत्र दोन सेकंद जास्तीचे घालतं, आतलं काढत नाही. ते कोणी तरी काढावं लागतं, नाहीतर मुळात नसावं लागतं.

मग नऊ नंबरच्या शेवटी, अगदी बारीक, टीं-टीं-टीं. मारुती म्हणाला हा यूपीएस, लाइट गेली की ओरडतो. साहिलच्या मांडवात यूपीएस होता का गो? कोंबडे होते, पोरं होती, तुझा काका पंगतीत ओरडत होता. यात कोंबडा का नाही? यात पंखा आहे.

ही एकच बाई आहे, मृणाली. बंद खोलीत बसलेली. आणि ती माझी आई नाही.

माझी आई कुठे आहे?

पारी


(पोस्टकार्ड)
वरसे
२१ मार्च १९९९

मृणाली, दोन आठवडे झाले. पेणला पोस्टमन आहे. माझी पत्रं त्याला सापडतात, तुझीही सापडतील. कॅसेटी पाठव. रीळ गुंतलं तर मी सोडवीन. पारी


पेण
२ एप्रिल १९९९

पारी,

पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. आता जे आहे ते लिहिते.

कॅसेटी आहेत, पण त्यांत तुझ्या आईचं काही नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावात सामुदायिक लग्नं होती. कमिटीला धवला हवा होता, स्पीकरवर लावायला. निकेशने साहिलच्या लग्नाची कॅसेट ऐकवली. सगळे वा वा म्हणाले. मग एकाने विचारलं, ही दुसरी बाई कोण? पारी, त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं कोण ते. ज्याने विचारलं, त्याच्या स्वतःच्या हळदीला धोंडूमावशीने म्हटलेलं आहे. तरी विचारलं. आई तिथेच बसली होती. मग तोच म्हणाला, वाडीवरचा आवाज कशाला, आपल्या धवलारणीचा एकटीचा ठेवा.

निकेश म्हणाला, दुसरा काढतो. दोन दिवस बसला, निघेना. सांध्यावर दोघी अशा मिसळलेल्या, की एक काढली तर दुसरी तुटायची. म्हणून त्याने आईला क्लासमध्ये बसवून नव्याने म्हणून घेतलं. तिला एकटीला दम पुरेना. थोडं म्हणायची, थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा म्हणायची. तेरा वेळा थांबून पुरं झालं. म्हणून चौदा गाणी.

हार्ड डिस्कवर जागा नव्हती, तर त्याने आधी टेपवर घेतलं. त्याच कॅसेटींवर. चांगल्या कंपनीच्या आहेत म्हणाला. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा कॅसेट फिरत होती. लेबलवर माझंच अक्षर, ‘साहिल लग्न, धवला’. मला दिसलं, पारी. मी चहा ठेवला आणि बाहेर आले.

जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा ती सीडी घरात पडलेलीच होती. दोघींचा आवाज सारखा, तुला कळणार नाही असं वाटलं. तू मला खूश झालेली हवी होतीस. सहा नंबर मी तेव्हा उगाच लिहिला, काहीतरी लिहायचं म्हणून.

मला क्षमा कर असं लिहायचा धीर नाही.

मृणाली


वरसे
६ एप्रिल १९९९

मृणाली,

उगाच लिहिलास! उगाच!

तीन आठवडे मी त्या उगाचपुढे रडले. ते रडणं आईचं होतं, ते तू मला परत दे. मी लोकांना बोलावून सांगितलं ही माझी आई. त्यांना आता काय सांगू?

कमिटीचं मला नवल नाही. त्यांनी आईला बाहेरच बसवली होती, आता आवाजालाही बाहेर काढलं, झालं. निकेशरावांनी कॅसेट बघितली आणि वापरली, त्यांना ती फक्त कॅसेट. पण तू? तू लेबल वाचलंस. तुझ्या एका हाताचं काम होतं, बटण दाबायचं. कपबशी खाली ठेवायला हात होता तुला.

आपण कुडामागे एका जागी बसून मोठ्या झालो गो. तू आतून लाडू आणायचीस, मी बाहेरून करवंदं. मला वाटायचं, आपल्यामध्ये झावळ्या नाहीत. माझंच चुकलं, मला डोळे नव्हते.

मला आता पत्र लिहू नकोस.

पारी


पेण
१८ एप्रिल १९९९

पारी,

मृणाली लिवतेय, सांगतेय मी, सगुणा. तुझं शेवटचं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. तिनं रडत वाचलं, मी म्हटलं रडू नको, पुरं वाच.

पोरी, त्यांच्यावर रागावलीस ते बरोबरच हाय. पण सगळ्यात मोठी चोरी माझी. धोंडू तीस वर्षं माझी जोडीण. मी आत पाटावर, ती बाहेर मातीत. मी एक दिस म्हटलं नाय का तिला आत घ्या. म्हटलं असतं तर घेतली असती का? ठाव नाय. पण मी म्हटलंच नाय ना. त्या दिवशी कमिटी बोलली तवा पण माझी जीभ टाळ्याला चिकटली. मला वाटलं, मेलेल्या बाईला काय कळतंय.

मग त्या बंद खोलीत एकटी म्हणायला बसले. पहिला शब्द संपला आणि मी थांबले, सवयीनं. कोणी उचलला नाय. तवा समजलं मला. लोक म्हणायचे सगुणाला दम भारी. कसला माझा दम! तो धोंडूचा होता गो.

ती कॅसेट पुसली ते मला ठाव नव्हतं. ठाव असतं तर काय केलं असतं, ते पण सांगता येत नाय.

आता ऐक. मी तुझ्या हळदीला येते. गुडघे गेले खड्ड्यात. धवला म्हणते. माझी पाळी म्हणते आणि तुझ्या आईची पण मीच म्हणते. आमचा आवाज एकच हाय, तुझ्या सासरच्या माणसांना कळायचं पण नाय. तुझं लगीन बिनधवल्याचं नाय होणार. नाय म्हणू नको.

सगुणा


वरसे
२५ एप्रिल १९९९

सगुणामावशी,

तुझं पत्र मारुतीला वाचून दाखवलं, आणि मग दोन दिवस हळद दळत बसले. आज लिहिते आहे. मृणालीने हे तुला वाचून दाखवावं, एक शब्द न गाळता. गाळण्यात तिचा हात बसलेला आहे, म्हणून सांगते.

तू खरं बोललीस. एवढ्या पत्रांत तेवढं एक पत्र खरं होतं. पण शेवटी पुन्हा तेच केलंस गो. आईची पाळी तू म्हणणार, आणि कोणाला कळणार नाही. कोणाला कळणार नाही, हेच तर सगळ्यांनी म्हटलं! निकेशरावांनी म्हटलं, तुझ्या लेकीने म्हटलं, आता तूही. मला कळेल. हळद मला लागणार आहे.

तरी तू ये. धवला म्हण. पण माझ्या दोन गोष्टी आहेत, त्या कबूल असतील तरच पेणला एसटीत बस.

एक. तू तुझीच पाळी म्हणायची. तुझा शब्द संपला की थांबायचं. आईची पाळी जेवढी चालायची तेवढा वेळ गप्प बसायचं. तो वेळ तुझ्याइतका कोणाला ठाऊक नाही. कोणी खोकायचं नाही, कोणी ढोल वाजवायचा नाही, मी मारुतीच्या घरच्यांना सांगून ठेवलं आहे. धवला तुटेल, हो. तुटू दे. तुटला की मी हळद धुवीन आणि पुन्हा बसेन. जेवढ्या पाळ्या आईच्या, तेवढ्या वेळा धुवीन. हळद भरपूर दळून ठेवली आहे. सगळ्या मांडवाला कळू दे, की इथे एक बाई म्हणत होती आणि ती आता नाही.

दुसरी गोष्ट. मांडवात पाट मांडलेला असेल, पण तो तुझा नाही. मारुतीने पूर्वेच्या अंगाला झावळ्यांचा कूड बांधला आहे. तू कुडाच्या बाहेर बसायचं, मातीत, माझी आई बसायची तिथे. तिथून आतलं कितपत दिसतं, ते एकदा बघ. मृणाली आली तर तिने तुझ्या शेजारी बसावं.

सकाळी सातची रोहा गाडी धर, म्हणजे उन्हाच्या आत पोचशील. आणि घरून पाणी आणू नकोस. आमच्याकडे बाहेर बसणाऱ्याला पहिलं पाणी देतात. मी स्वतः आणून देईन, हळदीच्या हातांनी.

पारी